अठराच्या आत घर सोडायचं तर

१४ डिसेंबर २०२५

सुट्टी म्हणून बादलीभर कपडे भिजवले होते, तेवढ्यात धाकटीचा फोन. आवाज दबका, मागं म्हशींची साखळी वाजत होती. म्हणजे स्वप्नाली गोठ्यातून बोलत होती.

"ताई, अठराच्या आत घर सोडायचा काय कायदा हाय का?"

मला वाटलं कॉलेजच्या कसल्या स्पर्धेसाठी विचारतेय. म्हटलं, "कुणाला सोडायचंय घर?"

"मला."

मग कळलं. आजोबा गेल्या फेब्रुवारीत गेले. घरातलं मोठं माणूस गेलं की आमच्याकडं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर पुढं तीन वर्षं दारात मांडव नाही. वर्षात कन्यादान झालं तर गेलेल्याला पुण्य लागतं, असंही म्हणतात. म्हणूनच दिवाळीत पेठ वडगावचं स्थळ आलं होतं, माझ्यासाठी. ऋतुराज नावाचा मुलगा, खतांचं दुकान. वाईट नव्हता. पण मला सनद मिळून वर्षही झालेलं नाही, अजून एक खटला स्वतः चालवलेला नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि भाऊबीज झाल्या झाल्या कोल्हापूरला निघून आले. तो माझा हक्क होता. त्यानंतर घरी गेले नाही.

आता त्याच लोकांनी धाकटीला मागितलंय आणि बाबांनी होकार देऊन टाकलाय. पौष सरला की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लग्न. तिची बारावीची परीक्षा त्याच महिन्यात, आणि अठरा पूर्ण व्हायला जून उजाडणार.

संताप आला. एकविसाव्या शतकात मुलींची अशी अदलाबदल! मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, मी आधी वकील आहे आणि मग तुझी बहीण.

ती म्हणाली, "बरं. तू कवा येतीस?"

म्हटलं, आधी कायदा बघते.

१६ डिसेंबर

दोन दिवस पुस्तकं पालथी घातली. काही देशांत कोर्ट एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांपासून मोकळं करून देतं. मग ते मूल स्वतःचं स्वतः राहू शकतं. आपल्याकडं असा कागदच नाही. अठरा होईपर्यंत पालक म्हणजे बाप, आणि पालक बदलून मागायचा तर जिल्हा न्यायालयात जायचं. तारखा पडता पडता ती आजी होईल.

विमलाताईंना विचारलं. मी त्यांच्या हाताखाली काम करते. त्या कसबा बावड्यात तीस वर्षं वकिली करताहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुझी काय योजना आहे?"

"तिला माझ्या खोलीवर आणते. राजारामपुरीत माझ्याकडं राहील, इथूनच परीक्षा देईल."

"आणि बापानं तक्रार दिली की फूस लावून पळवली, मग? अज्ञान मुलीला पालकाच्या संमतीशिवाय नेणं हा गुन्हा आहे. बहीण असलीस म्हणून सुटत नाहीस. सनद काय मिरवायला घेतलीस?"

मग त्यांनीच रस्ता दाखवला. बालविवाहाचा धोका असलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल. त्याला बालकल्याण समितीपुढं पोलीस आणू शकतात, कुणीही आणू शकतं. मूल स्वतः चालत आलं तरी समितीला ऐकावं लागतं. दुसरा रस्ता, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून लग्नाला मनाई.

स्वतः चालत! कायद्यातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. सतरा वर्षांच्या मुलीला या देशात एक दार तरी स्वतःच्या हातानं उघडता येतं.

संध्याकाळी फोनवर स्वप्नालीला सगळं कलमांसकट समजावलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मग तिथनं कुठं ठेवत्यात?"

"बालगृहात. किंवा वसतिगृहात. चांगली सोय असते."

"आणि म्हसरांचं कोण बघायचं? आईचा खांदा धरलाय."

मला हसूच आलं. हिला स्वातंत्र्य मिळवून द्यायचं चाललंय आणि ही म्हशींचा विचार करतेय.

२१ डिसेंबर

बाबांना फोन केला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. बाबा शांतपणे बोलूच शकत नाहीत. ते फोनवर असे बोलतात की मधला पन्हाळा ओलांडून आवाज थेट यावा.

"कायदा मला नगो सांगू. तुला शिकवली तवा गाव हसत हुतं. बाळासोची पोरगी वकील हुणार म्हणं! तवा कुठला कायदा आलता मदतीला?"

"बाबा, ती लहान आहे."

"तुझी आई सोळाची आलती ह्या घरात. मेली का?"

मागून आईचा आवाज आला, "माझं नाव कशाला मधी घालतायसा?"

फोन कट.

मला बाबांचा राग येतो आणि त्यांनी माझ्यासाठी गावाशी घेतलेली भांडणंही आठवतात. दोन्ही एकदम येतं, हे वाईट.

२ जानेवारी २०२६

नव्या वर्षाचा संकल्प म्हणून नव्हे, पण जे करायचं ते रीतसर करायचं ठरवलं. खेड्यात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची. मी आमच्या गावच्या भाऊसाहेबांना फोन केला, नाव-गाव सांगून लेखी तक्रारही पाठवली. फार सभ्य माणूस. "मॅडम, तुमच्यासारखे शिकलेले लोक पुढं आले पाहिजेत," म्हणाले. मन हलकं झालं. व्यवस्था असते, आपण तिच्यावर विश्वास ठेवत नाही एवढंच.

विमलाताईंना सांगितलं तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तो जेवायला कुणाकडं असतो गावात?"

मला आठवलं. भाऊसाहेब मुक्कामाला असले की आमच्याकडंच जेवतात. आजोबांच्या वेळेपासून.

पण म्हणून माणूस कर्तव्य सोडेल असं मला वाटत नाही.

९ जानेवारी

सोडलं नाही. त्याच्या मते त्यानं पाळलंच.

स्वप्नालीनं मैत्रिणीच्या फोनवरून मलकापुरातून, कॉलेजच्या मागून फोन केला. धापा टाकत होती. भाऊसाहेब घरी आले, आमटी-भात खाल्ला आणि हात धुताना म्हणाले, "बाळासो, थोरलीनं कागद पाठवलाय, बरं का. सामोपचारानं मिटवा, मला पुढं पाठवाय लावू नका." झालं. बाबांनी तिचा फोन काढून घेतला. लग्न अलीकडं ओढलं. पौष संपताच, २८ तारखेला, घरच्या घरी, चार माणसांत.

"कॉलेज?"

"तेवढं सोडत्यात. प्रॅक्टिकल हाय म्हणून. आई सोडाय येती आणि न्याय येती."

"मी चूक केली गं," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. तू कवा येतीस, ताई?"

"आत्ता आले तर ते अजून चिडतील. मी इथून प्रयत्न करते. तुझ्या मनाची तयारी आहे ना? घर सोडायची?"

"तू सांगतीस तसं करतो."

आमच्याकडं मुली 'करतो'च म्हणतात. मी ते सोडलंय.

११ जानेवारी

बाबांचा फोन. या वेळी आवाज खाली होता, त्यामुळं जास्त भीती वाटली.

"हे बघ क्रांती. वडगावकरांना मी दिवाळीत तुझ्यासाठी बोलावलं. तू तोंड फिरवून गेलीस. दारातलं माणूस रिकामं पाठवायचं का? मग मी म्हटलं, धाकटी हाय. तू ये. तू हुबी ऱ्हा. धाकटीला मी हात लावत न्हाय. पुण्य कुणाच्या बी हातनं लागू दे की."

"हा सौदा आहे, बाबा."

"घर चालवायचं म्हंजे सौदाच असतोय."

मी नाही म्हटलं. माझ्या नकाराची किंमत दुसऱ्याकडून वसूल करणं हा अन्याय बाबांचा आहे, माझा नाही. हे मला पूर्ण पटलेलं आहे. मग सकाळपासून तेच स्वतःला का बजावतेय?

एक क्षण असा आला होता की हो म्हणावं. ऋतुराज चहाचा कप घेताना 'थँक्यू' म्हणाला होता. एवढंच आठवलं त्याच्याबद्दल. एवढ्यावर जन्म काढता येईल का, असाही विचार केला. कुणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

विमलाताई म्हणाल्या, "हा तुझा प्रश्न आहे, कायद्याचा नाही. मला फी मिळत नाही याची."

१९ जानेवारी

पौष संपला. समितीसाठी अर्ज लिहिला, स्वप्नालीच्या नावानं, अगदी मनापासून. 'मला घरी परत जाण्याची इच्छा नाही. मला शिक्षण घेऊन स्वावलंबी व्हायचे आहे.' लिहिताना अंगावर काटा आला. सतराव्या वर्षी मला कुणी असा अर्ज लिहून दिला असता तर!

शेवटचं प्रॅक्टिकल २३ ला. मैत्रिणीकडून निरोप पोचवला. त्या दिवशी आई यायच्या आत कॉलेजमधून निघायचं, मलकापूर स्टँडवर कोल्हापूरची गाडी. मी गावाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, तिला हात धरून आणायचं नाही. ती स्वतः यायला हवी.

२३ जानेवारी

आली.

दुपारभर मध्यवर्ती स्टँडवर उभी होते. रत्नागिरीकडून येणारी प्रत्येक गाडी बघत होते. एका गाडीतून ती उतरली. गणवेश, जर्नल छातीशी धरलेलं, केसांना तेल. मला बघून ती पळत आली नाही. चालत आली, पायात चप्पल सैल होती म्हणून.

"आईची हाय," म्हणाली. "माझी तिनं लपवून ठेवलीया. पळून जाईन म्हणून."

"मग ही कशी घातलीस?"

"सकाळी तिनंच दिली. प्रॅक्टिकलला अनवाणी कशी जाशील म्हणाली."

तिला भूक लागली होती. म्हणाली, आधी तुझ्या खोलीवर जाऊया, जरा पडतो. मला माझ्या खोलीवरचा पलंग, शेगडीवरचा भात सगळं डोळ्यासमोर आलं. पण विमलाताईंचे शब्द कानात होते. खोलीवर नेलं की सगळं बिघडलं. मी तिला स्टँडसमोर वडापाव घेऊन दिला आणि रिक्षात बसवलं, थेट समितीच्या कार्यालयात. रिक्षात ती माझ्याकडं बघत नव्हती.

पोचतोय तोवर बाबांच्या तक्रारीवरून पोलिसांचा फोन. मी सांगितलं, मुलगी स्वतः समितीपुढं हजर झाली आहे. पलीकडचा हवालदार म्हणाला, "मग ठीकाय. सकाळी वडलांना पाठवतो तिकडं. रडत हुतं ओ म्हातारं."

बाबा? रडत?

समितीच्या बाईंनी तिची माहिती घेतली, उद्या सकाळी आईवडिलांना बोलावलं आणि रात्रीपुरतं तिला मुलींच्या बालगृहात ठेवायला सांगितलं. फाटकापाशी तिनं विचारलं, "तू आत येत न्हाईस?"

"नातेवाइकांना परवानगी नाही."

"व्हय," ती म्हणाली. "नियम असतोय."

सगळं कायद्यानं झालं. एकही पाऊल चुकलं नाही. मी खोलीवर आले आणि भात तसाच टाकून दिला.

२४ जानेवारी

नीट लिहायला हवं, नाहीतर मी उद्या स्वतःच्या सोयीनं आठवेन.

समितीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडं तीन जण. मधल्या अध्यक्षबाई साठीच्या, गळ्यात मफलर. बाबा पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. लग्नाला जातात तसे. आई मागं, पदर तोंडाला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. स्वप्नालीच्या पायांकडं बघितलं.

बाबा बसलेच नाहीत. "बाई, मी लेक इकाय काढलेली न्हाय. चांगल्या घरात दिलीया."

"बसा आधी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथं कुणी तुम्हाला विकणारे म्हटलं नाही."

त्यांनी माझा अर्ज वाचून दाखवला. मोठ्यानं वाचल्यावर तो मला जरा वेगळाच वाटला. मग स्वप्नालीला विचारलं, "हे तुझं म्हणणं?"

ती उभी राहिली. "ताईनं लिवलंय ते ताईचं हाय."

माझे कान तापले.

"मग तुझं काय आहे?"

"मला घर सोडायचं न्हाई. मला लगीन नगो. दोन्ही येगळं हाय न्हवं? मी ताईला इचारलं घर सोडायचा कायदा हाय का, कारन मला वाटलं लगीन नगो म्हंजे घर सोडायलाच लागतंय. ताईनं सोडलं तसं." तिनं ओठ चावला. "घरात ऱ्हाऊन लगीन न करायचा काय कायदा हाय का?"

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "आहे. तोच कायदा आहे, बाळ. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं."

मी चाळीस दिवस कलमं वाचत होते आणि तिला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

बाबांना त्यांनी कायदा सांगितला. लग्न लावलं तर बापावर, नवऱ्यावर, भटजीवर, वाजवणाऱ्यावरसुद्धा गुन्हा. बाबा म्हणाले, "आणि माझ्या वडलांचं? वर्ष सरत आलंय."

बाईंनी विचारलं, "वडील कसे होते तुमचे?"

बाबा म्हणाले, "ह्या दोघींना खांद्यावर घेऊन शेतावर न्यायचं. एकीला हिकडं, एकीला तिकडं."

हमीपत्र पुढं आलं. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही, परीक्षा देऊ देणार. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि ओळ न् ओळ वाचली, ओठ हलवत. सही केली.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "कागद झाला. पण घरात हिच्या बाजूनं उभं कोण राहणार? मला एक नाव द्या."

आई खाली बघत होती. स्वप्नाली माझ्याकडं बघत होती. काही मागत नव्हती. तिचं सगळं डिसेंबरातच मागून झालं होतं, आणि मी दर वेळी तिला कलम सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात माझा स्वतःचा पहिला खटला आहे. विमलाताईंनी मोठ्या विश्वासानं दिलाय.

"मी," म्हटलं. "परीक्षा संपेपर्यंत घरी राहते."

बाबा पुटपुटले, "आली, वकीलीण." पण एसटीत खिडकीची जागा त्यांनी मला ठेवली.

२६ जानेवारी

घरी. विमलाताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "खटला मी उभा करते. तू तिकडं उभी राहा."

आई बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. आजोबांच्या फोटोसमोर दिवा लावताना मात्र मोठ्यानं बोलते, आम्हाला ऐकू जाईल असं. "मामंजी, आता तुमचं तुम्हीच बघा."

सकाळी म्हशीची धार काढायला गेले. तिला माझा हात ओळखीचा राहिलेला नाही. लाथ मारली. स्वप्नाली इतकी हसली की बाबाही गोठ्याच्या दारात येऊन बघून गेले.

बाबांनी वडगावला निरोप धाडला आहे. तिकडून काहीच उत्तर नाही. मला ते आवडत नाही.

२८ जानेवारी

आले. दोन गाड्या.

ऋतुराज नव्हता. त्याचे चुलते केरबा आणि पाच-सहा माणसं. केरबांनी अंगणातच आवाज चढवला.

"बाळासो, पत्रिका न्हाई छापली म्हणून काय झालं, पावण्यांत शब्द गेलाय. सही केली म्हंजे काय? कागूद हाय. देवळात चल, चार अक्षता टाकू, कुणाला कळतंय?"

बाबा ओट्यावर उभे होते. मी दारात. स्वप्नाली आत माजघरात रसायनशास्त्र घोकत होती, तिचा आवाज थांबला.

"कागूद न्हाय," बाबा म्हणाले. "मी वाचून सही केलीया."

"ह्यो पोरीबाळींचा कारभार चाललाय व्हय घरात? थोरलीनं आमास्नी एकदा दारातनं लावलं, आता धाकटीच्या वतीनं बी हीच बोलणार?" केरबांनी माझ्याकडं बोट केलं.

माझ्या तोंडात कलम आलं होतं. दंड, तुरुंग, सगळं पाठ होतं. मी बोलले नाही. दारातून बाजूला झाले.

स्वप्नाली बाहेर आली. पुस्तकात बोट घातलेलं तसंच. मी तिच्या शेजारी उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल इतकी.

"मी म्हणतो, न्हाय," ती म्हणाली. आवाज फाटला. परत म्हणाली, "मला न्हाय करायचं, काका."

केरबा बाबांकडं बघत राहिले. बाबांच्या मानेची शीर फुगली होती. मला वाटलं, आता हे तिच्यावर ओरडणार. पोरगी परक्या माणसांपुढं असं बोलली, हे त्यांनी आयुष्यात कधी खपवून घेतलेलं नाही.

"ऐकलं न्हवं, पावणं?" बाबा म्हणाले. "च्या घ्या आणि निघा."

आईनं आणून ठेवलेला चहा कुणी घेतला नाही. गाड्या वळल्या, धुरळा बसेपर्यंत कुणी हललं नाही. बाबा टोपी काढून ओट्यावर बसले. एकदम म्हातारे दिसले. वडगावात त्यांची चार दुकानांत उधारी चालते, तीन घरांशी सोयरीक आहे. उद्यापासून तिथून जाताना त्यांना मान खाली घालावी लागेल. ते मला बोलले नाहीत, पण मला दिसलं. मी त्यांच्या शेजारी बसले.

आई आतून आली. भरलेले कप तिनं ताटात परत गोळा केले, जोरात, बश्या आपटत. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं फोटो सोडून आमच्यासाठी तोंड उघडलं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण ती स्वप्नालीकडं वळली.

"हुबी काय ऱ्हाईलीस? पेपर हाय न्हवं तुझा? जा, बस अभ्यासाला."